‘वाच बघू!’ : मुलांच्या वाचनाची परीक्षा आणि आपण

सायखेडा आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यापैकी बऱ्याच जणींची आणि माझी बैठकीत भेट होते. तिथं आपलं बोलणं हप्ता, अंतर्गत कर्ज आणि बँकेचा मेळ यांच्या पुढं फारसं जात नाही. आज मात्र पैशाचा विषय बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते आपल्या लेकरांच्या वाचनाविषयी, आणि तेही जरा मागं, इतिहासात जाऊन.

मागं जायचं कारण सांगते. गटातल्या आया हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. “ताई, झेडपीच्या शाळेत पायाभूत चाचणी होते, संकलित चाचणी होते, आता ते निपुण आलंय. इतक्या वेळा तपासतात, तरी पोरगं चौथीत जाऊन धडा का वाचत नाही?” प्रश्न रास्त आहे. आणि तो आजचा नाही. सरकारी शाळा निघाल्या तेव्हापासून, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ, कुणी ना कुणी मुलासमोर पुस्तक धरून “वाच बघू” म्हणत आलं आहे. म्हणणारा कोण होता, आणि ऐकून झाल्यावर त्यानं पुढं काय केलं, यावर त्या मुलाचं वाचन ठरत आलं. तीच गोष्ट आज सांगते.

धुळपाटी आणि छापील पुस्तक

इंग्रजी अमलाच्या आधी गावोगावी पंतोजींच्या शाळा असायच्या. कुणाच्या ओसरीवर, कुठं देवळात. पाटीवर धूळ पसरायची आणि तिच्यावर अक्षर गिरवायचं, ती धुळपाटी. मुळाक्षरं, बाराखडी, पाढे, पावकी, निमकी हे सगळं मोठ्यानं घोकायचं. हिशेब आणि पत्रव्यवहारासाठी मोडी शिकायची. मुलांच्या हातात छापील पुस्तक नव्हतं. त्यामुळं आधी कधी न पाहिलेला मजकूर समोर ठेवून वाचायला लावणं हा प्रकार फारसा नव्हताच. घडाघडा म्हणता आलं की पोरगं शिकलं. मुली या शाळांत जवळपास नसतच, आणि दलितांच्या लेकरांना तर दारच बंद होतं.

पुढं मुंबई इलाख्यात सरकारी मराठी शाळा निघाल्या. १८५५ साली सरकारचं शिक्षण खातं सुरू झालं. छापील क्रमिक पुस्तकं आली. आज आपण जी देवनागरी वाचतो तिला तेव्हा बाळबोध म्हणायचे. मुलाला बाळबोध आणि मोडी अशा दोन्ही लिप्या शिकाव्या लागत. पुस्तक आलं आणि त्याच्यासोबत ‘वाचून दाखव’ ही परीक्षाही आली.

आपल्याच घरातल्या विद्यार्थिनी

सावित्रीबाई फुल्यांचं नाव आपण दर ३ जानेवारीला घेतो. पण एक गोष्ट आपण पटकन विसरतो. लग्न होऊन आल्या तेव्हा सावित्रीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं. मग त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. त्या काळी शाळेची परीक्षा जाहीर व्हायची. लोकांना बोलवायचं आणि सगळ्यांसमोर मुलींना वाचायला लावायचं. फुल्यांच्या शाळांच्या अशा परीक्षा बघायला पुण्यात मोठी गर्दी जमायची. ही परीक्षा मुलींना नापास करण्यासाठी नव्हती. मुलगी वाचू शकते हे जे मानायला तयार नव्हते, त्यांच्या डोळ्यांसमोर ते करून दाखवायचं होतं. त्याच शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई नावाच्या मातंग समाजातल्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. काही वर्षांपूर्वी जिला कुणी पाटीला हात लावू दिला नसता, ती मुलगी आता समाजाला प्रश्न विचारत होती.

दुसरी गोष्ट आपल्या तालुक्याशी जोडलेली आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली आपल्या निफाडचा. १८७३ साली त्यांचं रमाबाईंशी लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी घरीच पाटी-पेन्सिल देऊन शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना ते पसंत नव्हतं. टोमणे मारले जायचे, विरोध व्हायचा. पण शिकवणं थांबलं नाही. पुढं याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या.

या दोघींना वाचायला लावणारा माणूस घरातला होता. कुठं अडलं ते त्याला रोज दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं शिकवणं सुरू व्हायचं. तपासणारा आणि शिकवणारा एकच होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं हीच गोष्ट सुटली.

परीक्षेला पैसा चिकटला

१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्यानं एक नियम आणला. गरिबांच्या शाळांना सरकारी पैसा किती द्यायचा ते मुलं वाचन, लेखन आणि गणितात किती पास होतात यावर ठरायचं. साहेब वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाला उभं करून वाचायला लावणार, आणि जितकी मुलं पास तितके पैसे. ‘निकालावर अनुदान’ असं त्याला म्हणता येईल. ऐकायला बरोबर वाटतं ना? काम दाखवा, पैसे घ्या.

प्रत्यक्षात वर्षभर एकच पुस्तक इतक्या वेळा घोकून घेतलं जायचं की मुलांना ते पाठ व्हायचं. साहेबासमोर मूल पुस्तकाकडं बघत पाठ म्हणायचं आणि पास व्हायचं. दुसरं पुस्तक दिलं तर गप्प. मॅथ्यू अर्नोल्ड हे नावाजलेले कवी स्वतः शाळा तपासनीस होते. या पद्धतीनं शिकवणं यंत्रासारखं होतं, अशी टीका त्यांनी आपल्या अहवालांतून केली.

आपल्या मुंबई इलाख्यातही १८६०च्या दशकापासून खासगी शाळांच्या अनुदानाला हीच पद्धत लागली. मुलागणिक, विषयागणिक हिशेब. सरकारी शाळांतही डेप्युटी साहेबांची वार्षिक परीक्षा ही गावातली मोठी घटना असायची. मास्तरांची इज्जत आणि नोकरी त्या एका दिवसावर टांगलेली. अशा वेळी मास्तर काय करणार? जे मूल पास होईल असं दिसतं त्याच्यावर मेहनत घेणार. जे मागं आहे ते कोपऱ्यात बसणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झनच्या काळात, ही निकालावर पैसे देण्याची पद्धत मोडीत निघाली. पण तोवर चाळीस वर्षं गेली होती.

मधल्या काळात, १८८२ साली, शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्याच्यापुढं निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, शेती आणि आरोग्याची तोंडओळख व्हावी, असं त्यांनी सांगितलं. आणि शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, हेही सांगितलं. म्हणजे मुलाकडून वाचन मागायचं असेल तर आधी शिकवणाऱ्याला बळ द्या. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं हे म्हणणं आजही जुनं झालेलं नाही.

अंगणातली शाळा

यापुढची गोष्ट दोन बायकांची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम शिकल्या. लहान मुलाला मारून, धाक दाखवून शिकवता येत नाही, त्याला हात, डोळे, कान वापरू द्यावे लागतात, हे त्यांचं सूत्र. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी खेड्यातल्या शाळेत काढली. १९४५ साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

तिथल्या वारली मुलांनी शाळेत यावं म्हणून बोलावणी पाठवली, पण मुलं येईनात. मग या दोघी शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द ताराबाईंनीच रूढ केला. जी मुलं गुरं चारायला जायची त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. पानं, बिया, दगड, शंख हे साहित्य. अंघोळ, गाणी, गोष्टी, गप्पा आधी, अक्षर नंतर.

वाचनाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मोठा संबंध आहे. जे मूल गोष्ट ऐकून सांगू शकतं, ज्याच्या तोंडात शब्द आहेत, त्याला अक्षर भेटलं की अर्थ लागतो. ज्याच्याशी कुणी बोललंच नाही, त्याला बाराखडी आली तरी अर्थ लागत नाही. आपल्याकडं द्राक्षाच्या छाटणीला आणि खुड्याला पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात. त्यांच्या घरात कोकणा बोली असते. त्यांचं लेकरू वर्गात मुकं बसतं तेव्हा त्याला काही येत नाही असं नसतं. पुस्तकातल्या मराठीशी त्याची ओळख व्हायची असते. कोसबाडला या दोघींनी हे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

अक्षरं फार, दिवस थोडे

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावची प्राथमिक शाळा त्यांच्याकडं गेली. म्हणून आपण झेडपीची शाळा म्हणतो. १९६७ साली बालभारती सुरू झाली आणि राज्यभर एक पुस्तक पोचू लागलं. सगळ्यांचं लक्ष मुलं पटावर आणण्याकडं होतं. पटावर आलेलं मूल वाचतं का, हे विचारणारे थोडे होते.

त्यातल्या एक म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या मॅक्सीन बर्नसन. त्या जन्मानं अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणला येऊन राहिल्या, मराठी शिकल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं. तिथल्या दलित वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचायला का शिकत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि पुढं कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली.

त्यांनी जे सांगितलं ते समजून घेऊ. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. मराठीत स्वर आणि व्यंजनं धरून पन्नासच्या आसपास. पण प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार लागला की बाराखडी होते. चौतीस व्यंजनं धरली तरी चारशेहून जास्त आकार होतात. वर जोडाक्षरं आणि र ची वेगवेगळी रूपं. हे सगळं अ पासून ज्ञ पर्यंत क्रमानं संपवायचं आणि मगच शब्दाला हात घालायचा म्हटलं, तर पहिलीतल्या मुलाचं वर्ष संपतं आणि त्यानं एकही अर्थाचा शब्द वाचलेला नसतो. त्यापेक्षा थोडी अक्षरं आणि त्यांच्यासोबतच एखादी मात्रा घ्यायची. क, म, ल आणि काना एवढंच घ्या. काम, माल, काका, मामा, कमल, माला इतके शब्द मूल पहिल्या काही दिवसांत वाचतं. आपण वाचलं, हा आनंद त्याला पुढं ओढून नेतो. सोबत मूल जे बोलतं ते लिहून त्यालाच वाचायला द्यायचं. बोलणं, अक्षर आणि अर्थ असे एका वेळी हातात हात घालून चालतात.

पुढं पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर भागात अभ्यासकांनी मुलांचं वाचन पहिलीपासून तिसरीपर्यंत, तीन वर्षं, बघितलं. तिथंही हेच दिसलं. वर्गातला बराच वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, आणि तिसरी संपली तरी बऱ्याच मुलांना मात्रांसकट अक्षरं नीट वाचता येत नाहीत. पुस्तक पुढं पळतं, मूल मागं राहतं.

एक कागद, चार पायऱ्या

१९९०च्या दशकात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. तिथं महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या गेल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा शिकलेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीत मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याजवळ बसायची आणि तिथं अगदी सुरुवातीपासून शिकायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबई आणि बडोद्यात या कामाची तपासणी केली. सगळ्यात मागं असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. याच दोघांना २०१९ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

२००५ साली ‘असर’ नावाचा देशभराचा अहवाल सुरू झाला. असर म्हणजे परिणाम. गावातले नाहीतर जवळपासचे स्वयंसेवक घरोघरी जातात, मुलाजवळ बसतात आणि एक कागद पुढं धरतात. त्यावर चार पायऱ्या असतात. अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पुस्तकासारखा चार ओळींचा उतारा, आणि दुसरीच्या पुस्तकासारखी छोटी गोष्ट. आधी उतारा देतात. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाच मिनिटांचं काम. इतकं सोपं की पुढं पाकिस्तान, केनिया, युगांडा, टांझानिया या देशांतल्या लोकांनीही आपापल्या भाषेत असे कागद तयार केले.

या कागदानं काय दाखवलं? २०१८ साली देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी एकवीसच्या आसपास मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत होती. मग कोरोना आला. शाळा जवळजवळ दोन वर्षं बंद राहिल्या. मोबाईल एक आणि भावंडं तीन, ही घराघरातली कथा आपण पाहिली आहे. २०२२ साली तो आकडा सोळावर आला. त्यानंतर शाळांनी पायाभूत वाचनावर जोर दिला आणि २०२४ साली तो तेवीसच्या पुढं गेला. म्हणजे लक्ष दिलं की फरक पडतो. पण शंभरातली सत्त्याहत्तर मुलं अजून मागंच आहेत, हेही खरं.

नुसतं कळून भागत नाही

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात याच मंडळींनी एक प्रयोग केला. काही गावांत फक्त सभा घेतल्या. शाळेची समिती काय असते, पालकांचे हक्क काय, हे सांगितलं. काही गावांत त्यापुढं जाऊन गावकऱ्यांनाच मुलांचं वाचन तपासायला शिकवलं आणि गावाचा निकाल गावापुढं मांडला. आणि काही गावांत या सगळ्यासोबत गावातल्या तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन, शाळा सुटल्यावर वाचनाचे वर्ग घ्यायला सांगितलं.

पहिल्या दोन प्रकारच्या गावांत मुलांच्या वाचनात काही फरक पडला नाही. लोकांना कळलं, हळहळ वाटली, आणि सगळे घरी गेले. तिसऱ्या प्रकारच्या गावांत जी मुलं वर्गाला आली त्यांचं वाचन सुधारलं. एकही अक्षर न येणारी मुलं अक्षरं वाचू लागली. वर्गाला येणारी मुलं थोडीच होती, ही त्यातली उणीव. पण जी आली ती पुढं गेली.

मैत्रिणींनो, आपल्याला हे समजायला अवघड नाही. गटाच्या वहीत थकबाकी लाल शाईनं लिहिली म्हणून ती वसूल होत नाही. त्या बाईच्या घरी जावं लागतं, अडचण काय ते विचारावं लागतं, हप्ता लहान करून द्यावा लागतो. वाचनाची चाचणी ही थकबाकीची नोंद आहे. ती हवीच. पण नोंद म्हणजे वसुली नव्हे.

आपल्या राज्यातही मधल्या काळात बरंच घडलं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. परीक्षेच्या धाकानं मूल शाळा सोडू नये, म्हणून आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरलं आणि वर्षभर मुलाकडं लक्ष ठेवणारं मूल्यमापन आलं. पण जिथं लक्ष ठेवणं कागदावर राहिलं, तिथं मूल न वाचताच वरच्या वर्गात सरकत गेलं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या झेडपी शाळांनी फरशीवर, भिंतीवर अक्षरं-अंक रंगवून मुलांना हातानं शिकायला लावलं आणि राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. जून २०१५ मध्ये सरकारनं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ जाहीर केला आणि पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राचं ‘निपुण भारत’ आलं. त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलानं निदान ६० शब्द समजून वाचावेत असं ठरवलं आहे. आणि २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत गावोगावी माता गट तयार झाले. शिक्षण खात्यानं आईला नुसतं सह्या करायला नाही, तर मुलाजवळ बसायला बोलावलं.

पण दीडशे वर्षांचा धडा विसरू नका. चाचणीचा आकडा वर पाठवण्याची घाई झाली की पाठांतर सुरू होतं. इंग्लंडात झालं, मुंबई इलाख्यात झालं, आपल्याकडंही होऊ शकतं. त्यासाठी गुरुजींना आणि बाईंना दोष देत बसू नका. एकेका शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग असतात, वर माहितीचे तक्ते भरायचे असतात. त्यांच्या हाताला आपला हात लागला पाहिजे.

गटानं काय करायचं

पहिलं, घरी तपासायला शिका. ज्यांना वाचता येतं त्यांनी पुस्तक मधूनच उघडून चार ओळी वाचायला लावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही तपासता येतं. पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, “हे काय?” मग तसाच दिसणारा शब्द खाली कुठं आहे ते शोधायला सांगा. पाठ म्हणणाऱ्या मुलाला तो सापडत नाही. आणि वाचून झालं की विचारा, “मग काय झालं गोष्टीत?” या प्रश्नाला आईचं शिक्षण लागत नाही. मात्र चुकलं म्हणून धपाटा नको. धपाटा बसला की मूल पुस्तक लपवतं, आणि मग कुठं अडलं ते कुणालाच कळत नाही.

दुसरं, शाळेत गेलात की “पास आहे ना?” असं विचारू नका. असं विचारा, “बाई, आमचा बाळू अक्षरावर आहे, शब्दावर, उताऱ्यावर की गोष्टीवर? आणि पुढच्या महिन्यात त्याला वर चढवायला काय करणार? घरी आम्ही काय करू?” शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असं कायदा सांगतो. तिथं आपण खिचडी आणि रंगरंगोटीवर बोलतो. एक बैठक फक्त वाचनावर घ्या.

तिसरं, गटात एखादी बारावी झालेली सून किंवा लेक असतेच. तिला बालसखी करा. आठवड्यातले चार-पाच दिवस, दिवेलागणीला, एका ओट्यावर अर्धा-पाऊण तास. मुलं इयत्तेप्रमाणे नाही, तर पायरीप्रमाणे बसवा. अक्षरावर अडकलेला चौथीचा मुलगा असेल तर त्याला लाज न वाटू देता तिथूनच सुरू करा. शाळेतली गोष्टींची पुस्तकं मागून आणा, कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा हाताळून फाटलेली बरी. छाटणीला आलेल्या मजुरांच्या लेकरांनाही हाक मारा. त्यांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगू द्या, आपल्या मुलांना ती ऐकू द्या.

चौथं, गटाच्या हिशेबाशेजारी एक वही ठेवा. गटातल्या प्रत्येकीच्या लेकराचं नाव आणि त्याची पायरी. दर महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं ती वही उघडा. पायरी तीच राहिली असेल तर त्या आईला बोलू नका. तिच्या लेकराजवळ या महिन्यात कोण बसणार, तेवढं ठरवा आणि त्या बाईचं नाव तिथंच लिहा.

इतकी वर्षं “वाच बघू” म्हणणारा माणूस बाहेरून यायचा, आकडा लिहून घ्यायचा आणि निघून जायचा. आपण गावातच राहतो, आपल्याला कुठं जायचं नाही. म्हणून हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. पुढच्या बैठकीला येताना मुलांची पुस्तकं सोबत आणा.